सुटा कीबोर्ड असलेला टॅबलेट विकत घेण्यापूर्वी कसा पारखावा

कीबोर्ड जोडला की लॅपटॉप आणि काढून ठेवला की टॅबलेट, अशा दुहेरी उपयोगाच्या अपेक्षेने हे यंत्र घेतले जाते. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली मागे टेकू असलेला पहिला सरफेस टॅबलेट बाजारात आणला, त्यानंतर ही घडण रुळत गेली आणि आता विंडोज, आयपॅड, अँड्रॉइड व क्रोमबुक या चारही घराण्यांत ती मिळते. दुकानात गेल्यावर आपण पडद्याची चमक पाहतो, कॅमेरा पाहतो, आणि कीबोर्डकडे शेवटी वळतो. माझ्या मते सुरुवात कीबोर्डपासूनच करावी, कारण तो हाताला बसला नाही तर चार-सहा महिन्यांत कपाटात जातो आणि घरात उरतो तो एक महागडा टॅबलेट.

दुकानात जाण्याआधी घरी बसून आपण संगणकावर प्रत्यक्ष कोणती कामे करतो, ती कागदावर लिहून काढावीत. पत्रे लिहिणे, पीडीएफ वाचणे, व्हिडिओ बैठकांना हजर राहणे एवढीच कामे असतील, तर कोणतीही प्रणाली चालेल. एक्सेलमधील मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली, वापरत असाल, तर ते आयपॅडवर आणि अँड्रॉइडवर चालत नाहीत. मायक्रोसॉफ्टची मोबाइल ॲप्स १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर मूलभूत संपादनासाठी विनामूल्य असतात, त्याहून मोठ्या पडद्यावर संपादनासाठी वर्गणी भरावी लागते, आणि हा वार्षिक खर्च खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. ई-निविदा भरणाऱ्यांनी किंवा जुना प्रिंटर वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. एआरएम प्रोसेसरवर (इंटेलपेक्षा वेगळ्या रचनेच्या) चालणाऱ्या विंडोज टॅबलेटवर नेहमीची बहुतेक सॉफ्टवेअर चालतात, परंतु ड्रायव्हर, म्हणजे जोडलेले उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, मात्र त्याच प्रोसेसरसाठी बनवलेला असावा लागतो. म्हणून डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनसाठी तसा ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे टोकन देणाऱ्याकडे आधीच विचारावे.

यानंतर किमतीची आणि वजनाची बेरीज करावी. अनेक कंपन्या कीबोर्ड आणि पेन वेगळे विकतात, त्यामुळे जाहिरातीतील किंमत बहुधा फक्त टॅबलेटची असते. वजनाचेही तसेच आहे. २०२० सालचा १२.९ इंची आयपॅड प्रो सुमारे ६४० ग्रॅमचा होता आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड जवळपास ७०० ग्रॅमचा. ही जोडी त्याच वर्षीच्या १.२९ किलोच्या मॅकबुक एअरपेक्षा जड भरत असे. हलके यंत्र हवे म्हणून टॅबलेट घेणाऱ्याने ही बेरीज केलीच पाहिजे.

दुकानात जाताना एक साधी मोजपट्टी बरोबर न्यावी. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर शेजारच्या दोन अक्षरकळांच्या मध्यांमधील अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते, म्हणून वरच्या ओळीतील क्यू कळेच्या डाव्या कडेपासून पी कळेच्या डाव्या कडेपर्यंत सुमारे १७ सेंटिमीटर भरले पाहिजेत. दहा इंची टॅबलेटच्या कीबोर्डवर हे अंतर कमी भरते. थोडी घट बोटे सवयीने सांभाळून घेतात, परंतु ते १५ सेंटिमीटरच्या आसपास आले, तर दहाही बोटांनी वेगाने टंकलेखन करणाऱ्याला त्रास होईल. त्यानंतर किमान दहा मिनिटे सलग टंकलेखन करावे आणि कीबोर्डचा मधला भाग दाबाखाली खचतो का, याकडे लक्ष द्यावे.

टेबलावर चांगला वाटणारा कीबोर्ड मांडीवरही चांगला वाटेल असे नाही, आणि आपल्याकडे तर घरी चटईवर मांडी घालून काम करण्याची सवय अनेकांना असते. मागच्या टेकूवर उभा राहणारा टॅबलेट टेकूच्या कडेपासून कीबोर्डच्या पुढच्या कडेपर्यंत बरीच खोल जागा मागतो. मांडी तेवढी खोल नसेल तर टेकू घसरतो आणि पडदा मागे कलंडतो. म्हणून विक्रेत्याला विनंती करून खुर्चीत बसावे, यंत्र मांडीवर घ्यावे, चार ओळी लिहाव्यात आणि पडद्यालाही स्पर्श करून पाहावा. रेल्वेच्या आसनामागील घडीच्या पाटावर काम करणाऱ्यांनी त्या पाटाची खोली आधी मोजून ठेवावी. ज्या कीबोर्डला कडक बिजागरी असते तो मांडीवर स्थिर राहतो, मात्र त्याचे वजन वाढते.

जोडणी कशी आहे, हेही विचारावे. धातूच्या टाचण्यांतून जोडला जाणारा कीबोर्ड टॅबलेटकडूनच वीज घेतो, म्हणून त्याला वेगळे चार्जिंग लागत नाही, परंतु सहसा तो जोडलेला असेपर्यंतच चालतो. ब्लूटूथ कीबोर्ड दूर ठेवूनही वापरता येतो, मात्र त्याची बॅटरी सांभाळावी लागते. दोन्ही प्रकारांत कीबोर्ड आठ-दहा वेळा काढून पुन्हा जोडावा आणि प्रत्येक वेळी पहिली कळ लगेच उमटते का, हे तपासावे.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी पुढची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पडद्यावरील कीबोर्डवर रोमन अक्षरांतून मराठी उमटते, म्हणून जोडलेल्या कीबोर्डवरही ती तशीच उमटेल, हे गृहीत धरू नये. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट पद्धतीचा (भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कळमांडणीचा) मराठी कीबोर्ड असतो आणि २०१९ च्या मे महिन्यातील अद्ययावतीकरणापासून उच्चारानुसारी मराठी कीबोर्डही मिळतो. अन्य प्रणालींत सेटिंगमध्ये जाऊन भौतिक कीबोर्डसाठी मराठी मांडणी निवडता येते का, हे दुकानातच पाहावे. चाचणीसाठी ‘दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकऱ्यांनी ॲपवर क्षेत्राची नोंद केली’ हे वाक्य लिहावे. इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’ (J) कळेवर र असतो आणि शिफ्टसह ऱ उमटतो, तसाच ‘एन’ (N) कळेवर ल आणि शिफ्टसह ळ. ऱ्य, ळ, ॲ आणि क्ष न अडखळता लिहिता आले नाहीत, तर रोजच्या लेखनात तोच अडथळा शेकडो वेळा येईल. इंग्रजीतून मराठीत जाण्याची जोडकळ (एकत्र दाबायच्या दोन कळा) चालते का, तेही तेव्हाच पाहावे.

आता कीबोर्ड बाजूला काढून नुसता टॅबलेट एका हातात पाच मिनिटे धरावा आणि ए-४ आकाराची एखादी पीडीएफ उभ्या पडद्यावर उघडावी. ४:३ किंवा ३:२ प्रमाणाच्या पडद्यावर ते पान जवळजवळ पूर्ण भरून दिसते, तर १६:१० च्या पडद्यावर वर-खाली अधिक जागा वाया जाते आणि अक्षरे त्या मानाने लहान दिसतात. विंडोजसाठी रॅम आठ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, कारण अशा यंत्रांत ती नंतर वाढवता येत नाही.

जुना टॅबलेट घेणार असाल, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे लक्षात ठेवावे. इंटेलच्या सातव्या पिढीचा प्रोसेसर असलेला २०१७ चा सरफेस प्रो विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र नाही, २०१८ चा सरफेस प्रो ६ पात्र आहे. टॅबलेट सपाट काचेवर पालथा ठेवून पडदा कुठे फुगलेला नाही ना, हे पाहावे, कारण फुगलेली बॅटरी पडदा आतून उचलते आणि असे यंत्र कोणत्याही किमतीला घेऊ नये.

शेवटी त्याच कंपनीचा बदली कीबोर्ड स्वतंत्रपणे मिळतो का, हे विचारावे. माझ्या पहिल्या टॅबलेटचा कीबोर्ड दुसऱ्या वर्षी बंद पडला, तोवर ते मॉडेल बाजारातून गेले होते आणि त्या टाचण्यांना दुसरा कोणताही कीबोर्ड बसत नव्हता. कीबोर्डची वॉरंटी टॅबलेटएवढीच आहे का, हे लेखी घ्यावे आणि बिलावर दोन्हींचे अनुक्रमांक वेगवेगळे लिहून घ्यावेत.