पिकअपमध्ये हवा किती? आधी वजनकाट्यावर जा

पिकअपमध्ये हवा किती ठेवायची असं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो, हौद्यात काय आहे? रिकाम्या गाडीला आणि पंचावन्न क्रेट टोमॅटो भरलेल्या गाडीला एकच आकडा सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा, पण हवेचं नॉझल त्याच्या हातात देऊ नका. नारायणगावहून ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण असं करत मी वर्षानुवर्षं वाशीच्या बाजारात माल नेतो. या रस्त्यावर जितके पंक्चरवाले तितके सल्ले ऐकले, आणि त्यातल्या निम्म्यांचे पैसे माझ्या टायरांनी भरले.

सुरुवात स्टिकरपासून. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर गाडीच्या मॅन्युअलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांचे, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे दिलेले असतात. ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा म्हणजे हा आकडा नव्हे, हे मात्र पक्कं ध्यानात घ्या. माझ्या टायरवर ९५० किलो आणि ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असं छापलंय. ती टायरची शेवटची हद्द आहे: थंड टायरात ६५ पीएसआय असताना एका चाकाने जास्तीत जास्त ९५० किलो पेलायचे. रोज ६५ भरा असा त्याचा अर्थ होत नाही. टायर बदलताना मापाच्या पुढचा भार-अंकही वाचा. १०६ म्हणजे ९५० किलो, ९७ म्हणजे ७३० किलो. स्वस्तात मिळाला म्हणून ९७ चा टायर मागे चढवलात, तर दोन चाकांत मिळून ४४० किलो ताकद गेली, आणि ती कितीही हवा मारून परत येत नाही.

गेज स्वतःचं घ्या. पंपावरचं गेज दिवसभर फरशीवर आपटत असतं.

पुढची चाकं सोपी आहेत. स्टिकरवरचा आकडा भरा आणि विसरा. माल भरला तरी पुढच्या एक्सलवर, म्हणजे पुढच्या दोन चाकांवर मिळून, फारसं वजन वाढत नाही. माझ्या गाडीचं पुढचं वजन रिकामी असताना ९५० किलो आणि पूर्ण भरल्यावर ११०० किलो, बस्स.

खरी गंमत मागच्या चाकांत आहे. स्टिकर फक्त दोन टोकं सांगतो, रिकामी आणि पूर्ण भरलेली. आपली निम्मी भाडी यांच्या मधली असतात. कधी तीस क्रेट, कधी कांद्याच्या वीस गोण्या, कधी कुणाचं घरसामान. यावर मी सुरुवातीला काढलेला तोडगा म्हणजे ‘मधला आकडा’. बारा महिने मागे पन्नास ठेवायचो. पूर्ण भरल्यावर पन्नास कमी पडायचे, टायर दोन्ही कडांनी झिजायचा आणि हात लावला तर चटका बसायचा. रिकाम्या गाडीला तेच पन्नास जास्त. एका पावसाळ्यात वाशीहून मोकळा येताना माळशेजच्या वळणावर ब्रेकला पाय लावला आणि मागचा भाग अलगद रस्त्याच्या कडेकडे सरकला. गाडी थांबली, पण खाली उतरून बिडी पेटवायला मला चार काड्या लागल्या.

त्यानंतर मी मागच्या स्प्रिंगचे पाटे किती दबले यावरून अंदाज बांधायला लागलो. तेही फसवं निघालं. जुने पाटे रिकाम्या गाडीतही बसलेले असतात, आणि जादा पाटा घातलेली गाडी दोन टन टाकले तरी ताठ उभी. टायर किती फुगलाय ते बघून, पान्याने ठोकून हवा ओळखणारे उस्तादही भेटतात. आठ प्लायचा टायर ४० आणि ५५ ला ठोकल्यावर जवळपास सारखाच वाजतो. माझ्यासमोर करून दाखवा, मग मानतो.

शेवटी अक्कल आली ती वजनकाट्यावर. आपण काटा करतो तो मालाचा, भरकाटा वजा रिकामा काटा, पावती घेतली की निघालो. पण पुढची चाकं काट्याच्या बाहेर काढून फक्त मागची चाकं काट्यावर ठेवली, तर मागच्या एक्सलवरचं वजन थेट कळतं. काटेवाला कुरकुरेल, वेगळे पैसे मागेल, ते द्या. फक्त काट्याच्या पुढची जमीन काट्याच्याच पातळीत असावी. गाडी पुढे उताराला कलली तर आकडा चुकतो. हे दोनदा करायचं, एकदा रिकाम्या गाडीचं आणि एकदा गाडीच्या कागदावर लिहिलेला पूर्ण भार घेऊन.

माझ्या गाडीचं मागचं वजन रिकामी असताना ७५० किलो आलं आणि पूर्ण भरल्यावर १८०० किलो. फरक १०५० किलोंचा. माझ्या स्टिकरवर मागच्या चाकांचे आकडे आहेत ३५ आणि ६०, फरक २५ चा. १०५० भागिले २५ केले की ४२ येतात. म्हणजे मागच्या एक्सलवर दर ४२ किलो वाढले की एक पीएसआय वाढवायचा. तीस क्रेट भरून काटा केला तेव्हा मागे १३०० किलो आले. रिकाम्यापेक्षा ५५० जास्त, भागिले ४२, म्हणजे १३. पस्तीस आणि तेरा, अठ्ठेचाळीस. हा हिशेब गरजेपेक्षा थोडी जास्तच हवा सांगतो, आणि भरलेल्या गाडीत चूक व्हायची तर त्याच बाजूने व्हावी. हे आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमच्या बोलेरोला, योद्धाला किंवा दोस्तला तसेच्या तसे लावू नका. छोट्या हत्तीला तर अजिबात नाही.

चार-पाच नेहमीच्या मालांचा असा काटा झाला की पुन्हा काट्यावर जायची गरज नाही. माझ्या दाराच्या आतल्या बाजूला खोडून न जाणाऱ्या पेनाने लिहिलंय: ३० क्रेट ४८, ५५ क्रेट ६०. मात्र हे माल सारखा पसरला असेल तरच खरं. सगळं वजन मागच्या फाळक्याकडे लोटलं तर मागचा एक्सल जास्त दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरायला लागलं की समजा हमालांनी तेच केलंय.

‘दोन टन टाकायचेत, किती हवा मारू?’ या प्रश्नाला माझ्याकडे आकडा नाही. कागदावरच्या भारापेक्षा जास्त माल दोन खेपांत न्या.

हे सगळे आकडे थंड टायरचे आहेत. गाडी निदान तीन तास उभी हवी, किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली. म्हणून हवा रात्री माल भरून झाल्यावर, निघायच्या आधी भरा. वाटेत गरम टायरची हवा सोडू नका. एका मे महिन्यात भर दुपारी घाट उतरून एका पंपावर थांबलो. थंडाला ६० भरलेला टायर ७० दाखवत होता. तिथला पोरगा म्हणाला, काका, फुटेल, दहा कमी करतो. मी मान डोलावली. टायर तापला की आतली हवाही तापते. ६० च्या टायरला दर दहा अंशांमागे साधारण अडीच पीएसआय दाब वाढतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण गरम असताना ६० वर आणलेला तो टायर थंडाच्या हिशेबाने जवळपास पन्नासला आला होता, आणि वर पंचावन्न क्रेट. हवा कमी म्हणून टायरची बाजू जास्त वाकते, वाकते म्हणून जास्त तापते. कल्याणच्या अलीकडे डावा मागचा गेला. क्रेट उतरवून जॅक लावला, तोवर वाशीचा बाजार उठला होता.

मग माल खाली करून मोकळं परतताना काय करायचं? तेव्हाही गरम टायरला हात लावू नका. त्याच रात्री परत येणार असाल तर तशीच आणा, फक्त ओल्या रस्त्यावर वेग आणि ब्रेक दोन्ही सांभाळा. गाडी चार दिवस रिकामी चालणार असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंडाला ३५ वर आणा. नायट्रोजनसाठी जादा पैसे देऊ नका, साध्या हवेतही शेकडा ७८ भाग तोच असतो.

महिन्याभराने टायरवर हात फिरवा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधली पट्टी झिजली तर जास्त. एकच कड झिजत असेल तर दोष हवेचा नाही, चाकांची अलाइनमेंट करून घ्या.

स्टेपनीत मात्र कायम भरलेल्या गाडीचा मागचा आकडा ठेवा, माझ्या गाडीत ६०. पुढे लावावी लागली तर खिळ्याच्या टोकाने हवा सोडता येते. रात्री दोनला माळशेजात भरायला कोण बसलंय?