रिशेल्यू रॉकला जाण्याआधी

तारकर्लीला प्रशिक्षकाने धरून समुद्रात स्कूबा डायव्हिंगला नेलं, मासे दिसले, फोटो चांगले आले, की हमखास प्रश्न येतो: आता थेट रिशेल्यू रॉक करू का? करा, पण मधल्या पायऱ्या गाळू नका.

रिशेल्यू रॉक म्हणजे थायलंडच्या बाजूच्या अंदमान समुद्रात, सुरिन बेटांच्या राष्ट्रीय उद्यानात उभा असलेला चुनखडीचा बुडालेला डोंगर. ओहोटीला टोक जेमतेम वर डोकावतं, पायथा तीस मीटरच्याही खाली. आसपास आडोसा नाही, त्यामुळे करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, थेट अंगावर येतो. त्याच पाण्याबरोबर प्लवक येतं, म्हणून तर जांभळी मऊ प्रवाळं तिथे इतकी फोफावली आहेत. करंट नको असेल तर ही जागाच नको.

कोकणातल्या माणसाला उधाण-भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कधी वाढतो आणि कधी उतरतो, हे शिकवावं लागत नाही. इतरांनी बुकिंगआधी कालनिर्णय उघडावं, थट्टा नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओढ जास्त, अष्टमीच्या मागेपुढे पाणी मवाळ. पहिल्या खेपेला भांगच बरा. उतरताना दोरी धरून उतरा आणि खाली पोचलात की डोंगराच्या आडोशाला राहा. करंटविरुद्ध पाय मारत बसलात तर हवा बघता बघता संपते. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही चौपट. शिवाय तिथे डाइव्ह टेबलप्रमाणे (कुठल्या खोलीवर किती वेळ राहता येतं त्याचा तक्ता) जेमतेम वीस मिनिटं मिळतात. म्हणून आधी खोलवर जाऊन या, मग डोंगराला वळसे घेत हळूहळू वर. व्हेल शार्कच्या आशेने सगळे निळ्या पाण्याकडे डोळे लावून असतात आणि कपारीतला समुद्रघोडा बघायचा राहून जातो. मला तरी तो समुद्रघोडाच जास्त आवडतो.

स्कूबाच्या पहिल्या, ओपन वॉटर कोर्सवर अठरा मीटरपर्यंत जाता येतं, अ‍ॅडव्हान्स्डवर तीसपर्यंत. दोन्ही कोर्स लागोपाठ करायला नियमांची आडकाठी नाही, पण माझं मत विरुद्ध आहे. मध्ये शांत, उथळ जागी बॉयन्सी पक्की करा. हात न हलवता, कशालाही न धरता पाण्यात एका जागी तरंगता आलं पाहिजे. नाहीतर तुमच्या फिन्सखाली प्रवाळांचा चुरा होतो. (विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात आपली आंग्रिया बँक आहे, बुडालेलं प्रवाळांचं पठार. तिचा माथाच वीसेक मीटर खाली, म्हणजे ओपन वॉटरवाल्याचा पाय तिथेही पोचत नाही.)

मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पावसाळ्यामुळे उद्यान बंद असतं. बोटी खाओ लाकहून सुटतात. वर येण्याआधी फुगवायचा सिग्नल बॉय (बोटीला तुमची जागा दाखवणारा फुगा) स्वतःचा न्या आणि तो पाण्याखालून सोडण्याचा सराव निघण्याआधी इथेच करा. परतीचं फुकेत-मुंबई तिकीट मात्र शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास सोडूनच काढा. स्वस्त मिळालं म्हणून त्याच रात्रीचं विमान घेणारे भेटतात. त्यांच्या शेवटच्या दिवसाचे डाइव्ह बुडतात आणि दिवसभर ते डेकवर बसून इतरांचे टँक मोजतात.