निवड समितीने उद्धरणांचे आकडे कसे वापरावेत

प्राध्यापकांच्या निवडीसाठी किंवा कॅसखालील (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे अध्यापकांच्या पदोन्नतीची योजना) पदोन्नतीसाठी बसणाऱ्या समितीने अर्ज उघडण्यापूर्वीच आपले निकष लेखी ठरवावेत. त्यानंतर प्रत्येक अर्जदाराकडून त्याच्या मते महत्त्वाचे असे तीन-चार शोधनिबंध आणि त्यांतील त्याचा नेमका वाटा मागवावा, आणि ते निबंध प्रत्यक्ष वाचावेत. उद्धरणांचे, म्हणजे इतर संशोधकांनी त्या निबंधांचा किती वेळा संदर्भ दिला याचे, आकडे पाहायचे ते वाचन झाल्यावरच.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाच्या नावावर कधीही मांडू नये. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत आकाराला आलेल्या ‘डोरा’ या संशोधन-मूल्यमापनाविषयीच्या जाहीरनाम्याचा मुख्य आग्रह हाच आहे. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकातील आधीच्या दोन वर्षांतील लेखांना एका वर्षात मिळालेल्या उद्धरणांची सरासरी, आणि सरासरी एका निबंधानेही फुगते. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००९ साली सुमारे २ वरून जवळजवळ ५० वर गेला, तो जॉर्ज शेल्ड्रिक यांच्या २००८ मधील एकाच निबंधामुळे. स्फटिकरचना उलगडण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीविषयी तो होता. शेजारच्या पानांवरील इतर निबंध त्यामुळे पंचवीसपट सरस ठरले नाहीत, पण इम्पॅक्ट फॅक्टरवर गुण देणारी समिती त्यांना तसेच ठरवते.

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-इंडेक्सही एकटा वाचू नये. किमान तितकीच उद्धरणे मिळालेले जास्तीत जास्त जितके निबंध संशोधकाच्या नावावर असतात, तितका त्याचा एच-इंडेक्स. एकाच्या पाच निबंधांना ५०, २०, ९, ३ आणि १ उद्धरणे मिळाली आणि दुसऱ्याच्या तीन निबंधांना प्रत्येकी तीनच मिळाली, तरी दोघांचाही एच-इंडेक्स ३ येतो. शिवाय तो वयाबरोबर वाढतो, कमी मात्र होत नाही. त्यामुळे नवख्या संशोधकावर, तसेच बाळंतपण किंवा आजारपणामुळे खंड पडलेल्या संशोधकावर, तो अन्याय करतो.

तुलना एकाच विषयात आणि एकाच काळातील निबंधांची करावी, कारण गणितात उद्धरणे सावकाश आणि थोडी मिळतात, तर जैववैद्यकात ती भराभर साचतात. गूगल स्कॉलर आणि स्कोपस या उद्धरणे मोजणाऱ्या सूचींचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नयेत. मराठी साहित्य, इतिहास किंवा लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांचे काम बहुधा मराठी ग्रंथांतून आणि नियतकालिकांतून येते, आणि या आंतरराष्ट्रीय सूचींत त्याची नोंद फारच अपुरी असते. तेथे आकड्यांचा आग्रह सोडून विषयातील जाणकाराचे सविस्तर लेखी मत घेणे हाच न्याय्य मार्ग आहे.

काढलेले आकडे, त्यांचा स्रोत आणि तारीख अर्जदाराला मुलाखतीपूर्वी दाखवावी, म्हणजे नामसाधर्म्यामुळे झालेली गल्लत त्याला वेळीच दुरुस्त करून घेता येईल.