चीनच्या सीमाभागाचा इतिहासकार व्हायचंय? आधी भाषा बघा, विषय नंतर

या फील्डमध्ये यायचंय म्हणणारे सगळे आधी विषय सांगतात. तिबेट, सिल्क रोड, शिंजियांग वगैरे. मी एवढंच विचारतो की कागद कुठल्या भाषेतले वाचणार? तिथेच गाडी अडते, म्हणून सुरुवात उलटीकडून करा.

चायनीजपासून सुटका नाही, आणि नुसती बोलता येऊन भागत नाही, जुनी लिखित चायनीज लागते जिच्यात विरामचिन्हंच नसतात, वाक्य कुठे संपलं ते आपणच ठरवायचं. पण चायनीज सगळ्यांनाच येते हो, सीमाभागाचा माणूस म्हणून तुम्हाला ओळख देते ती दुसरी भाषा. ल्हासाचं काम करायचं तर तिबेटी, शिंजियांगमधल्या काशगर-यारकंदचं तर चगताई म्हणजे तिकडची जुनी तुर्की भाषा, आणि छिंग काळात (चीनवर मांचू राजघराण्याची सत्ता, १६४४ ते १९१२) शिरायचं असेल तर मांचू.

मांचूला लोक उगाच घाबरतात. ती वर्णमालेची भाषा आहे, वरून खाली लिहितात, ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात, मन लावून बसलात तर चायनीजच्या मानाने खूपच लवकर हाताशी येते. फायदा मात्र जबरदस्त, कारण सीमेवरचे बडे अधिकारी बहुतेक बॅनरवाले म्हणजे मांचू-मंगोल लष्करी घराण्यातले, ते बादशहाला मांचूत लिहायचे. हे कागद म्हणजे चायनीज कागदांची नुसती कॉपी असं खूप वर्षं धरून चालले होते, नंतर लोक खरंच वाचायला बसले तेव्हा कळलं की यातलं बरंचसं चायनीजमध्ये आलेलंच नाही.

असा एक अर्ज समोर घेऊन बघा. लिहिणारा बॅनरवाला स्वतःला 'आहा' म्हणतो, म्हणजे गुलाम. हान म्हणजे चिनी वंशाचा अधिकारी त्याच जागी 'छन' लिहितो, म्हणजे सेवक-मंत्री. शिंजियांगमधल्या इलीहून टप्प्याटप्प्याने घोडे बदलत बीजिंगला पोचलेला कागद, पानंच्या पानं भरलेली, आणि शेवटी लाल शाईत बादशहाचा एकच शब्द, 'साहा'. म्हणजे कळलं. (आपल्याकडचे साहेबही काही वेगळे नाहीत.)

आता अर्काइव्ह. बीजिंगच्या फर्स्ट हिस्टॉरिकल अर्काइव्हमध्ये मांचू कागद लाखांनी आहेत, पण परदेशी माणसाला सीमा, धर्म, वांशिक गट असल्या विषयांवरचं काय बघायला मिळेल याची गॅरंटी नाही आणि गेल्या काही वर्षांत तर हात जास्तच आखडलाय. माझं स्वतःचं एक वर्ष असंच गेलं, प्रपोजल मस्त लिहिलं आणि एका अर्काइव्हच्या खिडकीवर उत्तर मिळालं की फाइल उपलब्ध नाही, विषय संपला. तेव्हापासून नियम केलाय, कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय विषय पक्का करायचा नाही आणि एकाच जागेवर थिसिस टांगायचा नाही. तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये छिंग दरबाराचे कागद आहेत. स्वीडनच्या लुंड युनिव्हर्सिटीत काशगरकडची ५०० हून जास्त हस्तलिखितं आहेत. आणि दिल्लीचं नॅशनल अर्काइव्ह विसरू नका, जॉर्ज मॅकार्टनी १८९० ते १९१८ काशगरात ब्रिटिशांचा माणूस म्हणून बसला होता, तिथल्या बातम्या भारत सरकारकडेच यायच्या.

नावांच्या बाबतीत सांभाळून. काशगर लिहिलं की एक बाजू, काशी (त्याच शहराचं चिनी नाव) लिहिलं की दुसरी. शिंजियांग म्हणजे 'नवी सीमा', छिंग फौजांनी तो भाग जिंकला १७५० च्या दशकात आणि प्रांत झाला १८८४ ला, मग १७०० सालाबद्दल लिहिताना सरळ शिंजियांग लिहिणं हीच चूक. आणि तिकडे कोणाशी बोललात तर त्याचं नाव कुठेही लिहू नका, मोबाइलमध्येसुद्धा, तुम्ही परत याल पण तो तिथेच राहणार आहे.

राजकारण तर मागे लागतंच. चीनच्या सीमाभागाचा नावाजलेला अमेरिकन अभ्यासक ओवेन लॅटिमोर, त्याच्याकडे डिग्री नव्हती, व्यापारी कंपनीतली नोकरी सोडून १९२६ ला उंटांच्या तांड्याबरोबर शिंजियांगकडे निघाला, पुढे जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत शिकवायला लागला, आणि १९५० ला अमेरिकन सिनेटर मॅकार्थीने त्याला थेट सोव्हिएतचा मोठा हेर ठरवलं. आरोप टिकला नाही पण माणूस शेवटी इंग्लंडमध्ये लीड्सला गेला. डिग्रीशिवायचा रस्ता आता बंद झालाय, हेर ठरवणारे अजून आहेत, दोन्ही बाजूंना.

नोकरीचं म्हणाल तर 'सीमाभागाचा इतिहासकार पाहिजे' अशी जाहिरात क्वचितच येते. जागा निघते ती चीनच्या किंवा आशियाच्या इतिहासाची, तेव्हा हान राजवंशापासून माओपर्यंत सगळं शिकवायची तयारी ठेवा. पीएचडीला सहा-सात वर्षं आरामात जातात. मधल्या काळात लायब्ररीत हस्तलिखितांचं कॅटलॉगिंग मिळालं तर डोळे झाकून घ्या, थिंक टँकपेक्षा त्यात जास्त शिकाल.

गाइडला पहिला मेल करताना 'चीनची लहानपणापासून आवड आहे' लिहू नका, सगळेच लिहितात. ऑनलाइन असलेल्या एखाद्या कागदाचं अर्धं पान भाषांतर करून जोडा, जिथे अडलात ती दोन ठिकाणं तशीच दाखवून. मला तरी उत्तर अशाच मेलला आलं होतं, आणि त्यात फक्त त्या दोन ठिकाणांबद्दल लिहिलेलं होतं.