दक्षिण आफ्रिकेच्या सॉकेटात भारतीय पिन: माझा अनुभव

वीज तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच. अडतं ते पिनेवर. लॅपटॉपची ६ अँपिअरची पिन जुन्या इमारतींतल्या मोठ्या सॉकेटात बसत नाही. पण आपल्या गीझरची १६ अँपिअरची जाड तीन-पिन मात्र चपखल बसते! म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड घरूनच नेला, त्याची पिन बदलून जाड लावली: लाल किंवा तपकिरी वायर फेजला, काळी किंवा निळी न्यूट्रलला, हिरवी अर्थला. वायर मात्र ६ अँपिअरचीच राहते. २००० वॅटची किटली जवळपास ९ अँपिअर ओढते, वायर तापून वितळू शकते. किटली आणि जून-जुलैतल्या तिथल्या थंडीसाठीचा हीटर तिथलेच घ्या, थेट भिंतीतल्या सॉकेटात लावा. नव्या इमारतींत छोटं षटकोनी सॉकेटही असतं. त्यात मोबाइल चार्जरची बारीक दोन-पिन जाते.