संगणक ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ म्हणू लागल्यास आधी तारीख पाहा

वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेल्या संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ (म्हणजे परवाना पटवून विंडोज सक्रिय करा) ही अक्षरे उमटली, की अनेक जण घाईने नवी प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा सांकेतिक क्रमांक, विकत घेतात. त्याआधी त्याच कोपऱ्यातील तारीख वाचावी. ती काही वर्षे मागे गेली असेल, तर नवी की घालूनही उपयोग होणार नाही.

संगणक बंद असताना घड्याळ आणि बायोसमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीतील) सेटिंग टिकवण्याचे काम मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डवरचा) ३ व्होल्टचा बटन सेल करतो; डेस्कटॉपमध्ये तो बहुधा सीआर २०३२ असतो. सेल उतरला की तारीख मागे जाते. विंडोज सक्रिय करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होताना सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडली जाते, आणि मेळ न बसल्यास जोडणीच नाकारली जाऊन ८००७२एफ८एफ असा एरर कोड दिसतो. अशा वेळी बँकेची संकेतस्थळेही उघडत नाहीत, ही खूण लक्षात ठेवावी.

तारीख, वेळ आणि टाइम झोन दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न करावा. वायर काढून रात्रभर ठेवल्यावर तारीख पुन्हा मागे गेली, तर सेल बदलावा. माझ्या मामांच्या संगणकातील सेल मल्टिमीटरवर जेमतेम २.१ व्होल्ट दाखवत होता. सेल काढण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्यावा, कारण मूळ सेटिंग परत आल्यावर साटा मोड (डिस्कशी जोडणीची पद्धत) ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर गेला, तर विंडोज सुरूच होत नाही. मग वायर काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून, अधिक चिन्ह वर ठेवून नवा सेल बसवावा.

तारीख बरोबर असूनही तक्रार राहिली, तर हार्ड डिस्कवर संशय घ्यावा. तिच्यावरील खराब सेक्टरमुळे (साठवणीच्या खराब झालेल्या भागांमुळे) परवान्याच्या फायली बिघडू शकतात. टकटक आवाज येत असल्यास आधी महत्त्वाचा डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा, कारण मरणासन्न डिस्कवर ‘चेकडिस्क’ ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवणे धोक्याचे असते. डिस्क धड असेल, तर विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करणारी ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow) ही आज्ञा चालवून विंडोज पुन्हा सक्रिय करावे.

मदरबोर्ड बदलण्याचा विचार शेवटी करावा. संगणकासोबत आलेला ओईएम (संगणक उत्पादकाने दिलेला) परवाना त्या मदरबोर्डशीच बांधलेला असतो, तर स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना दुसऱ्या संगणकावर नेता येतो. विंडोज १० मध्ये असा रिटेल परवाना डिजिटल (की न टाकता ओळखला जाणारा) असेल, तर तो जुना बोर्ड चालू असतानाच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवावा.