हॉटेलात जेवायला गेल्यावर कुठे कुठे कापतात आणि कुठे भांडून उपयोग आहे

हॉटेलवाल्याने महाग विकलं म्हणजे फसवलं असं होत नाही, हे आधी क्लिअर करून घेऊ, कारण लोक चुकीच्या मुद्द्यावर भांडतात आणि जिथे खरी गडबड असते तिथे गप्प बसून पैसे देऊन मोकळे होतात. पाण्याच्या बाटलीचंच घ्या. बाटलीवर एमआरपी 20 आणि बिलात 50, की आपला माणूस लगेच ग्राहक मंचाच्या गोष्टी सुरू करतो. पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2017 मध्ये सांगून टाकलंय की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेल्या बाटलीला एमआरपीचं बंधन नाही, तिथे नुसती बाटली नाही तर बसायची जागा, सर्व्हिस हे सगळं मिळून विकलं जातं. त्यामुळे मेनूत 50 लिहिलं असेल तर ते 50 च. मात्र त्याच हॉटेलच्या बाहेर टपरीसारखा काउंटर असेल, जिथून तुम्ही चिप्सचं पाकीट आणि बाटली घेऊन गाडीत बसता, ते सरळ दुकान आहे, तिथे एमआरपीच्या वर एक रुपया द्यायचा नाही आणि 'कूलिंग चार्ज' वगैरे काही नसतं. पहिल्या केसमध्ये उपाय एकच, बसल्या बसल्या "साधं पाणी आणा" म्हणायचं. वेटर "बिसलेरी की रेग्युलर" असं विचारतो तेव्हा 'रेग्युलर' इतक्या हळू आवाजात येतं की पाहुण्यांसमोर माणूस बिसलेरीच म्हणतो, आणि काही ठिकाणी तर न विचारता सील तोडून बाटली ठेवतात, ती लगेच परत पाठवायची, जेवण झाल्यावर नाही.

ऑर्डर घेतानाचे खेळ सगळे याच टाइपचे असतात, आपल्या लाजेवर चालणारे. पावभाजी सांगितली की "बटर मारके ना सर?", चहा सांगितला की "स्पेशल ना?", आपण नुसती मान हलवतो आणि बिलात वेगळाच आयटम येतो. मेनूकार्ड दिलंच नाही आणि वेटर तोंडी "आज अमुक स्पेशल आहे, घेऊन टाका" म्हणाला तर रेट विचारल्याशिवाय हो म्हणू नका, तोंडी सांगितलेली डिश हमखास मेनूतल्यापेक्षा महाग निघते. टेबलावर आपोआप येणारा पापड, सलाड, शेंगदाणे हे फ्री आहेत का हे हात लावायच्या आधी विचारा, खाल्ल्यावर विचारून काय फायदा. हाफ-फुलचं गणितही बघा, बऱ्याच ठिकाणी हाफ हंडीचा रेट फुलच्या निम्म्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणजे चौघांसाठी वेगवेगळ्या दोन हाफ मागवण्यापेक्षा एक फुल परवडते. ही फसवणूक नाही, पण वेटर स्वतःहून सांगणार नाही.

मासे खायला जाणाऱ्यांनी जरा जास्त लक्ष द्या कारण सगळ्यात मोठे आकडे इथेच फिरतात. मालवण, अलिबाग, गोवा, कुठेही मेनूत पापलेट, सुरमई, लॉबस्टरसमोर किंमत नसते, 'साईजप्रमाणे' लिहिलेलं असतं. ते लिहिणं बरोबर आहे, माशाचा भाव खरंच रोज बदलतो. पण मग ऑर्डर देताना कच्चा मासा बाहेर आणून दाखवा म्हणायचं, समोर वजन करायला लावायचं, आणि "हाच मासा, तळून, सगळा मिळून किती?" असा एक आकडा बोलून घ्यायचा. "बघून सांगतो" म्हणून वेटर गेला आणि तळलेला मासा घेऊनच आला तर तो तुम्ही मागवलेलाच नाही असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. एवढं सगळं करायला चांगलं हॉटेल कधी नाही म्हणत नाही, उलट ताट भरून मासे टेबलावर आणून दाखवतात, कुरकुर करणाऱ्या ठिकाणाहून उठलेलं बरं.

दुसरं म्हणजे जून-जुलैमध्ये 'आजचाच ताजा पापलेट' ऐकलं की हसायचं. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, त्या काळात छोट्या होड्यांचं, खाडीचं थोडंफार मिळतं, बाकी मोठा मासा बहुतेक फ्रीझरमधलाच. फ्रोझन खाण्यात काही वाईट नाही, फक्त ताज्याचा भाव देऊ नका. आणि काटा नसलेला पांढराफटक फिलेट, फिश फिंगर, फिश टिक्का, मॉलमधलं 'फिश कोळीवाडा', हे सगळं बऱ्याचदा बासा असतं, म्हणजे पाळलेला गोड्या पाण्याचा स्वस्त मासा. बासा म्हणून विकला तर काहीच हरकत नाही, पण रावस म्हणून रावसाच्या रेटला दिला तर ती चोरी आहे. ज्याला फिलेटमध्ये चवीवरून कळत नाही त्याने सरळ काट्यासकट तुकडी मागवावी, सुरमईची गोल तुकडी मधल्या काट्यासकट समोर आली की खोटं बोलायला जागा कमी राहते. कोळणीकडून मासे घेणाऱ्या घरातल्या बाईला सोबत न्या, ती एका नजरेत सांगते.

थाळीबद्दल जास्त काही नाही. 'अनलिमिटेड' बोर्डावर मोठं असतं आणि मटण-सुकं एकदाच, रस्सा-भाकरी हवी तेवढी, हे खाली बारीक. बसायच्या आधी "परत काय काय मिळणार" एवढं विचारा. पनीरचं मात्र वैताग आहे, दुधाच्या पनीरऐवजी पाम तेल, दूध पावडर घालून केलेलं 'अ‍ॅनालॉग' पनीर सर्रास वापरतात आणि ग्रेव्हीत ते ओळखू येत नाही. आयोडीनचा थेंब टाकून निळं झालं तर त्यात स्टार्च आहे हे कळतं, पण स्टार्च नसलेलं नकली पनीर त्या टेस्टमध्ये पास होतं, आणि बायकोच्या वाढदिवसाला आयोडीनची बाटली घेऊन कोण जातं. ज्या गल्लीछाप ठिकाणी पनीर मसाला संशय यावा इतका स्वस्त आहे तिथे डाळ किंवा शेवभाजी मागवा, प्रश्न मिटला.

आता परमिट रूम. पेगचं माप ठरलेलं आहे, स्मॉल 30 मिली, लार्ज 60. गडबड दोन प्रकारे होते, माप कमी भरणं आणि ब्रँड बदलणं, दोन्ही आतल्या काउंटरवर होतं म्हणून तुम्हाला दिसत नाही. बाटली टेबलावर आणून समोर माप भरून ओता असं सांगा, बर्फ-सोडा नंतर. तीन-चारजण असाल तर पेगच्या भानगडीत न पडता सीलबंद क्वार्टर किंवा मोठी बाटली मागवायची, सील समोर फोडायला लावायचं, मग मापाचा प्रश्नच येत नाही. बिअरच्या रिकाम्या बाटल्या उचलू देऊ नका, टेबलाखाली राहू देत. वेटर पटापट टेबल साफ करतो ते कौतुकाचं वाटतं पण तिसऱ्या राउंडनंतर किती झाल्या हे तुमच्यापैकी एकालाही आठवत नसतं आणि बिलात सहाच्या आठ होतात, आणि न पिणारा जो एक मित्र असतो त्याच्याकडेच हिशोब द्यावा, शेंगदाणे सगळे तोच खातो, एवढं काम करू दे.

बिलाकडे या. सगळ्यात मोठा मुद्दा सर्व्हिस चार्ज. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने म्हणजे सीसीपीएने 4 जुलै 2022 ला गाईडलाइन काढली की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकायचा नाही, दुसरं नाव देऊनही नाही, आणि नाही दिला म्हणून आत घेणार नाही असंही करायचं नाही. त्यावर हॉटेल संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, स्टे मिळाला, आणि पुढची अडीच-पावणेतीन वर्षं मॅनेजर लोक तोच स्टे दाखवत होते. 28 मार्च 2025 ला हायकोर्टाने त्या याचिका फेटाळल्या आणि संघटनांनाच दंड ठोकला. संघटना पुढे अपिलात गेल्यात, पण "आमच्या दारावर बोर्ड आहे, मेनूत लिहिलंय, म्हणजे तुम्ही मान्य केलंत" हे उत्तर आता ऐकून घ्यायचं कारण नाही. बिलात तो 'एस.सी.', 'स्टाफ वेल्फेअर', असल्या नावांनीही येतो. गंमत म्हणजे त्याच्यावर परत जीएसटीही लावतात. 1200 चं जेवण, 10 टक्के सर्व्हिस चार्ज 120, झाले 1320, त्यावर 5 टक्के, एकूण 1386. सर्व्हिस चार्ज काढला तर 1260. फरक 126 चा, 120 चा नाही. शांतपणे "हा काढून नवीन बिल द्या" म्हणा, बहुतेक ठिकाणी मॅनेजर वाद न घालता काढतो कारण त्यालाही माहितीये. आणि वेटरवर ओरडू नका, तो चार्ज त्याने लावलेला नसतो, त्याच्या हातात तो पोचतो की नाही तेही आपल्याला दिसत नाही. सर्व्हिस आवडली असेल तर टिप रोख त्याच्या हातात द्या.

जीएसटी. साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के, बिलात सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच अशा दोन ओळी असतात, ते डबल नाही. एसी आहे म्हणून 18 लावलाय असं कोणी सांगितलं तर तो अजून नोव्हेंबर 2017 च्या आधीच्या काळात जगतोय, एसी-नॉनएसीचा फरक 15 नोव्हेंबर 2017 पासूनच गेला. 18 टक्के लागतो तो साधारण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7500 च्या वर आहे तिथल्या रेस्टॉरंटमध्ये. (एसी हॉलचा मेनूच वेगळा आणि महाग असेल तर ते चालतं, आधी दाखवला पाहिजे एवढंच.) खरी चोरी छोट्या हॉटेलात असते. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेली हॉटेलं कंपोझिशन स्कीम घेऊ शकतात, त्यात मालकाने स्वतःच्या खिशातून टॅक्स भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून एक पैसा जीएसटी घ्यायचा नसतो, आणि तसं बिलावर लिहावं लागतं. तरीही काहीजण 5 टक्के लावतात आणि तो सरकारकडे जातच नाही. चेक करायला एक मिनिट लागतं, बिलावरचा 15 अक्षरी जीएसटी नंबर जीएसटीच्या सरकारी साईटवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये टाका, तिथे 'रेग्युलर' की 'कंपोझिशन' ते येतं. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो, गोव्याचा 30 ने. नंबरच नाही आणि तरी जीएसटीची ओळ आहे, तर ती ओळ काढायला लावा. दारूवर जीएसटी नाहीच, व्हॅट असतो, महाराष्ट्रात परमिट रूमला तो नोव्हेंबर 2023 पासून 10 टक्के झाला, तेव्हा जेवण आणि दारूची बेरीज करून सगळ्यावर 5 टक्के जीएसटी मारलेला दिसला तर पकडा. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या परवान्याचा, 14 आकडी नंबरही पाहिजे, 2022 पासून कंपल्सरी आहे, पुढे तक्रार करायची झाली तर तोच कामाला येतो.

मोठा ग्रुप असेल तर टेबलावर न आलेली एखादी रोटीची प्लेट, एखादं सूप बिलात घुसवणं सोपं असतं. ऑर्डर देताना एकाने मोबाइलच्या नोट्समध्ये टाइप करत जावं. वहीवर लिहिलेलं, कागदाच्या चिठ्ठीवर नुसता एकूण आकडा असलेलं बिल घेऊ नका, आयटमवार मागा. यूपीआयने देताना स्कॅन केल्यावर हॉटेलचं नाव येतंय का बघा, वेटरचा पर्सनल क्यूआर असेल तर काउंटरवर जाऊन द्या, नाहीतर अर्ध्या तासाने "पेमेंट आलं नाही" ऐकाल. कार्ड असेल तर मशीन टेबलावर मागवा.

हायवेवर ड्रायव्हर जिथे गाडी थांबवतो तिथे तो का थांबवतो हे सगळ्यांना माहितीये, त्याचं जेवण फुकट असतं, कधी वर काही मिळतं. प्रायव्हेट ट्रॅव्हल्सची बस असेल तर उपाय नाही, घरून डबा न्या. एसटीच्या अधिकृत थांब्यावर मात्र 30 रुपयांत चहा-नाश्त्याची योजना आहे, कोणी स्वतःहून सांगत नाही, काउंटरला तिकीट दाखवून मागा, नाही म्हटलं तर कंडक्टरच्या तक्रार बुकात लिहा.

हे बाकी सगळं शे-दोनशेचं आहे, पण एक प्रकार हजारोंचा आहे. डेटिंग अ‍ॅपवर ओळख झालेली मुलगी दुसऱ्याच दिवशी भेटायचं म्हणते, ठिकाण तीच ठरवते, तिथे गेल्यावर मेनूकार्ड नाही, ती भराभर ड्रिंक मागवते, फोन आल्याचं सांगून निघून जाते आणि बिल येतं 30-40 हजार, सोबत दोन बाउन्सर. दिल्ली, मुंबईत अशा केसेस पोलिसांत गेल्यात. जागा तुम्ही ठरवा, गर्दीतलं कॅफे. अडकलातच तर मारामारी नको, तिथूनच 112 लावा, पैसे द्यावेच लागले तर कॅश नाही, यूपीआय किंवा कार्डने द्या म्हणजे कुणाच्या खात्यात गेले ते राहतं, आणि बिल घेऊनच बाहेर पडा.

तक्रारीचं असं आहे की बिलाशिवाय काही होत नाही, त्यामुळे बिलाचा फोटो, मेनूच्या त्या पानाचा फोटो आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट हे तिथेच काढा. मॅनेजरने सर्व्हिस चार्ज काढलाच नाही तर पैसे भरून बाहेर या आणि नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला 1915 वर फोन करा, ते हॉटेलला कळवून मध्यस्थी करतात, आदेश नाही काढत, तरी परत मिळतात बऱ्याचदा. नाही मिळाले आणि चिडच असेल तर ई-जागृती पोर्टलवर ग्राहक आयोगात ऑनलाइन केस टाकता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत टाकायची. जेवणात झुरळ, शिळं, वास येणारं मटण असलं काही असेल तर ते एफडीएचं म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाचं काम, तिथे हॉटेलचं नाव आणि तो 14 आकडी नंबर द्या. परमिट रूममधल्या मापासाठी वैधमापन विभाग म्हणजे वजन-मापं तपासणारं सरकारी खातं आहे, दारूचा ब्रँडच बदललाय असं वाटलं तर उत्पादन शुल्कवाले.